राखणदाराला घेऊन ठाण्याला

आमच्या यंत्राचं नाव राखणदार. एक डबा, त्यावर फिरता दांडा, दांड्याला जुन्या साडीच्या चिंध्या आणि दोन रिकामे पत्र्याचे डबे. समोर कावळा किंवा मांजर आलं की दांडा गरगरतो, डबे खडखडतात आणि चोर पळतो. एवढ्यासाठी मी, प्राजक्ता आणि सुमेध अशा तिघांनी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातले सहा महिने घालवले. माझ्या घरी याला ‘बुजगावण्याची पदवी’ म्हणतात.

पण प्राजक्ताच्या घरी कुणी हसत नव्हतं. डोंबिवली पश्चिमेला, खाडीच्या काठावर तिची आई मासळी सुकवते. दिवसभर उन्हात काठी घेऊन बसायचं, नाहीतर कावळे मासळी नेतात. गेल्या उन्हाळ्यात या काकी दोनदा चक्कर येऊन पडल्या. डॉक्टर म्हणाले, ऊन बंद करा. मासळीला मात्र ऊनच लागतं. आमचा राखणदार अर्धा तास फिरला की तापून बंद पडायचा. दिवसभर चालणारा राखणदार करायला चांगली कार्यशाळा हवी होती, आणि ठाण्याच्या विद्यापीठातल्या प्रदर्शनात जो गट निवडला जाईल त्याला तिथली कार्यशाळा वर्षभर मिळणार होती. म्हणून आम्ही ठाण्याला निघालो.

निघताना काकींनी रीतसर पूजा केली. नारळ फोडला, झेंडूचा हार घातला, आणि डब्याच्या मधोमध जो पांढरा टपोरा गोल आहे त्यावर अंगठ्यानं ओलं हळद-कुंकू लावून वर अक्षता चिकटवल्या. ताट धरायला मी होते. मी फोटोही काढला. मग राखणदाराला गोणपाटात गुंडाळून टेम्पोत चढवलं. पुढे काकी आणि प्राजक्ता, मागे यंत्राला धरून मी आणि सुमेध. काकी नव्या कोऱ्या साडीत होत्या आणि मांडीवर सुक्या मांदेलीचा (लहान मासळीचा) डबा होता.

माणकोलीच्या पुलावर टेम्पो अचानक थांबला. मला वाटलं पंक्चर. तर काकींनी थांबवायला लावला होता. जन्म खाडीकाठी गेला, पण खाडी वरून कधी पाहिलीच नव्हती त्यांनी. खाली पाणी, तिवरांची हिरवी झालर, पलीकडे इमारती, आणि काठावर त्यांची मासळी सुकवायची निळी ताडपत्री, हातरुमालाएवढी. तिच्याकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग आज शेजारीण नीट राखते की नाही, एवढंच म्हणाल्या. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्यावर टेम्पोवाले दादा निघाले.

पहिला थांबा ठाण्यातली वागळे इस्टेट. तिथल्या एका छोट्या वर्कशॉपच्या काकांनी आमचा दांडा घडवला होता. त्याचा एक स्क्रू सैल होता, तो त्यांनी घट्ट करून दिला आणि चहा पाजला. त्यांच्या लोखंड कातायच्या लेथवर दसऱ्याचं कुंकू अजून होतं, पण सगळं बाजूच्या लोखंडावर. मोजमाप बघायची काच लख्ख. मी ते पाहिलं आणि ‘काका किती नीटनेटके’ एवढाच बोध घेऊन बाहेर आले. हुशारीचं हे असं असतं आमचं.

कोलशेतकडे वळल्यावर जुन्या कारखान्यांच्या भिंती संपेनात, आणि त्यांच्या डोक्यावरून नवे टॉवर डोकावत होते. विद्यापीठाच्या फाटकावर रखवालदारानं काकींचा डबा उघडायला लावला. वास येताच तो दोन पावलं मागे सरला आणि मग पुढे आला. तो मूळचा मालवणचा निघाला. मूठभर मांदेली कागदात बांधून घेऊन त्यानं आम्हाला सलाम केला.

दालनात आमच्या शेजारी एक चकचकीत रोबो हात होता. त्याच्या मालकांनी मांदेलीचा वास आल्यावर टेबल सरकवून घेतलं. आम्ही जमिनीवर कापड पसरलं, मासळी मांडली, राखणदार तिच्याकडे तोंड करून ठेवला आणि स्वतः मागे उभे राहिलो. परीक्षक बाई आल्या. सुमेधनं मासळीवर हात फिरवला. दांडा ढिम्म. पुन्हा फिरवला. ढिम्म.

“घाई करू नका. मी पुढची दोन टेबलं पाहून येते,” बाई म्हणाल्या.

आम्ही यंत्राचा डबा खोलला. वायरी तपासल्या, बॅटरी बदलली, एकमेकांवर चिडलो. प्राजक्तानं आईकडे बघायचंही टाळलं. इतक्यात विद्यापीठातलंच एक मांजर दारातून आलं, राखणदाराच्या नाकासमोर बसलं आणि निवांतपणे एक मांदेली उचलून दाराबाहेर गेलं. शेजारचे रोबोवाले फिदीफिदी हसले.

काकी यंत्रासमोर जाऊन वाकल्या. “याला मांजर दिसतच नाय गो,” त्या म्हणाल्या.

दिसत नाही म्हटल्यावर मी त्या पांढऱ्या गोलाकडे पाहिलं, आणि मला हसू आवरेना. तोच तर राखणदाराचा डोळा. अंगाची ऊब तिथून कळते. तिथं आता हळद, कुंकू आणि पाच अक्षता होत्या. शिकलेली तीन माणसं इतका वेळ वायरी शोधत होती. मी सकाळच्या पूजेचा फोटो दाखवला.

काकींचा चेहरा उतरला. “मना (मला) काय म्हाईत तो डोला हाय? मना कपाल वाटला.”

“आई, अगं आम्हालापण तसंच वाटलं,” प्राजक्ता म्हणाली आणि तिच्या गळ्यात पडली.

काकींनी नव्या साडीचा पदर पाण्यात बुडवून तो डोळा पुसला, तापलेल्या पोराचं कपाळ पुसावं तसा. बाई परतल्या तेव्हा मांजरही दुसऱ्या मांदेलीसाठी परतलं होतं. दांडा गरगरला, डबे खडखडले, आणि मांजर रोबोच्या टेबलाखालून पसार झालं. सगळं दालन हसलं. बाईंनी काकींना विचारलं, की दिवसाला किती तास राखता. काकींनी सांगितलं. बाईंनी तो आकडा लिहून घेतला. जेवणानंतर यादी लागली, तीत आमचं नाव होतं. सुमेध रडला, आणि डोळ्यात मसाला गेला म्हणाला. काकींनी घरून आणलेल्या तांदळाच्या भाकरी आणि तळलेल्या मांदेलीचं ते जेवण होतं, आणि मी जन्मात पहिल्यांदा मांदेली चाखली. आमच्या घरी मासळी चालत नाही, म्हणून आईला अजून सांगितलेलं नाही.

पाच वाजता आम्ही खाडीकाठी परत पोहोचलो. ऊन अजून चटकत होतं. काकींनी राखणदार ताडपत्रीशी उभा केला आणि कुंकवाची डबी घेऊन प्राजक्ताला विचारलं, कपाळ कुठलं ते दाखव. तिनं मागची बाजू दाखवली. मग त्या सवयीनं मासळी हलवायला वाकल्या, तर दांडा गरगरला आणि चिंध्या त्यांच्या खांद्यावर आदळल्या. राखणदाराला कावळा आणि मालकीण यातला फरक कळत नाही. तो आम्हाला शिकवता आलेला नाही.

“मनाच हाकलतंय,” त्या म्हणाल्या. हसत हसत मागे सरल्या, आणखी सरल्या, आणि घराच्या पायरीवर सावलीत जाऊन बसल्या. काठी भिंतीला टेकवली. दिवसाउजेडी रिकाम्या हातांनी बसलेल्या काकी मी पहिल्यांदाच पाहिल्या. हातांचं काय करावं ते त्यांना सुचेना, म्हणून ते त्यांनी मांडीवर ठेवले. अर्ध्या तासानं यंत्र तापून बंद पडलं, पण तोवर ऊन उतरलं होतं.