साड्यांच्या घडीतला फोन

दरवर्षी पत्रकारितेचे वर्ग सुरू झाले की पहिल्या आठवड्यात मी फळ्यावर मधोमध एक उभी रेघ मारते. डावीकडं संख्यात्मक संशोधन, उजवीकडं गुणात्मक. डावीकडं सर्वेक्षण आणि आशय विश्लेषण, उजवीकडं मुलाखत, निरीक्षण, केस स्टडी. किती लोक काय बघतात, काय वाचतात ते डावी बाजू सांगते. का बघतात आणि बघून त्यांचं काय होतं ते उजवी. कागल-जयसिंगपूरहून एसटीनं येणारी आमची पोरं आडपडदा ठेवत नाहीत. विचारतात, "मॅडम, ह्यातलं भारी कुठलं?" मी म्हणते, ते प्रश्नावर ठरतं. उत्तर बरोबरच आहे. पण ते देताना मी खडू झटकत बसते, पोरांकडं बघत नाही.

मी एम.ए.ला होते तेव्हाची गोष्ट. लघुप्रबंधाचा विषय होता, गावातल्या बायका आणि मोबाइल. कागलच्या बाजूचं एक गाव धरलं आणि प्रश्नावली घेऊन निघाले. तिथल्या अंगणवाडीसेविका मला घरोघरी नेत होत्या. 'तुमच्याकडे स्वतःचा फोन आहे का?' या प्रश्नाला एका घरातल्या सुनेनं चटकन 'न्हाई' सांगितलं. ती साड्यांना पिको-फॉल करून द्यायची. मी खूण केली आणि उठले. तर ही बाई कोपऱ्यापर्यंत मागं आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, मघाशी खोटं सांगितलं. हाय माझ्याकडं फोन. सासूबाई शेजारी बसल्या हुत्या की."

मी हरखलेच. गाइड सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "बघ, सर्वेक्षण इथं थांबतं. आता मुलाखत घे." मग तिची सासू भांगलायला शेतात गेली की मी दुपारी जायची. चार-पाच दुपारी गेले असेन. ती मशीन चालवत बोलायची, एका कानात इअरफोन. बारावीनंतर लग्न झालं, शिक्षण सुटलं. नवऱ्यापाशी विषय काढला तर, पोरांचं बघ आधी, एवढंच उत्तर. म्हणून तिनं गुपचूप मुक्त विद्यापीठात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला नाव घातलं होतं आणि पिकोच्या कमाईतून जुना फोन घेतला होता. त्यावर ती धडे ऐकायची. "पास झाले की निकालच दावणार घरात," म्हणायची. "मग कोण काय म्हणतंय बघू."

फोन कुठं ठेवता, असं मी विचारलं. शिवायला आलेल्या साड्यांचा ढीग तिनं दाखवला. "परक्या बायकांच्या साड्यांना घरातलं कोण हात लावत न्हाई. ह्याच्यापरास चांगली तिजोरी हाय का, सांगा."

काय वाक्य होतं! मी तिच्यासमोरच वहीत उतरवून घेतलं. ती हसली. "तुमची बी परीक्षा, माझी बी परीक्षा," म्हणाली. निघताना मी तिला शब्द दिला की तुमचं नाव कुठंही येणार नाही.

नाव आलंही नाही. शब्द पाळला मी, अगदी काटेकोर! प्रबंधात नाव बदललं, गाव गाळलं. सरांनी त्या वाक्याखाली लाल रेघ मारली, "सोनं आहे हे," म्हणाले. मी हुरळून गेले. एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीला आमच्या वर्गातल्या कुणाचा तरी लेख हवा होता, तर सगळ्यात आधी मी हात वर केला. लेखाची सुरुवातच त्या साड्यांच्या ढिगानं केली. सोबत लेखिकेचा फोटो मागितला होता. तो मी मुद्दाम स्टुडिओत जाऊन काढला, पिवळा ड्रेस घालून. छापून आल्यावर पाच अंक विकत आणले आणि हॉस्टेलभर मिरवले.

तिसऱ्या दिवशी अंगणवाडीच्या बाईंचा फोन आला. "मॅडम, तुमचं छापून आलेलं गावात समद्यांनी वाचलं."

मी म्हणाले, "हो का! आवडलं का?"

त्यांनी आवाज खाली आणला. मग म्हणाल्या, "दूध डेअरीत पेपर येतोय. तुमचा फोटो बघून एकजण म्हणाला, ह्या मॅडम तर आपल्याच गावात फिरत हुत्या. आणि पिको करणारी आमच्यात एकच हाय."

तिच्या सासूनं त्याच दिवशी ढिगातली एकूण एक साडी उलगडली होती. फोन नवऱ्याच्या खिशात गेला. परीक्षा तीन आठवड्यांवर होती आणि हॉल तिकीट त्या फोनमध्येच यायचं होतं.

तोंडात मारून घ्यावंसं वाटलं मला. पण मारून कुठं घेतलं? कागल काय लांब होतं? जायला हवं होतं. तिच्या नवऱ्याच्या पाया पडायला हवं होतं, हॉल तिकीट काढून द्यायला हवं होतं, परीक्षेला बरोबर जाऊन बाहेर बसायला हवं होतं. यातलं काहीच मी केलं नाही. माझी तोंडी परीक्षा तोंडावर आली होती. शब्द मोडला म्हणून कुणी तक्रार केली आणि प्रबंध अडकला तर? गावात गेले तर गवगवा होईल, तिलाच त्रास होईल, असं मी मैत्रिणींना सांगत राहिले. साफ खोटं होतं ते. मी माझी डिग्री वाचवत होते. सरांनाही अवाक्षर सांगितलं नाही. त्यांनी तोंडीत त्या वाक्याचं पुन्हा कौतुक केलं आणि मी मान खाली घालून आभार मानले.

दोन महिन्यांनी गेले. कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नये, म्हणून स्टँडवर पेढ्यांचा पुडा घेतला. पेढे! काय ती अक्कल. तेव्हा मनातही आलं नाही.

सासू दारातच बसली होती. आलेली प्रत्येक साडी झटकून बघत होती आणि मगच आत देत होती. "या पावणं," म्हणाली आणि परत साड्यांना लागली. आत ती मशीनवर होती. कानात इअरफोन नव्हता. मी पुटपुटले की माझं चुकलं, पण नाव तर मी बदललं होतं.

"नाव बदललासा," ती म्हणाली. "पण बोलणं माझंच ठिवलासा की."

हॉल तिकिटाचं काय झालं, परीक्षा दिली का, असं मी विचारलं. तिनं दाराकडं बघून नाही म्हणून मान हलवली. "आता उंबरा ओलांडला तरी इचारत्यात, आणि कुणाला सांगायला चाललीस."

अर्ध्या वर्षाचा अभ्यास होता तिचा. शिव्या घालेल असं मला वाटलं होतं, घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं मशीन थांबवलं. तिची नजर माझ्या हातातल्या पुड्यावर गेली.

"पेढे आणलासा? पास झालासा व्हय?"

मला हो म्हणवेना आणि नाही म्हणायची सोय नव्हती. तिनं पुडा घेतला, दोरा सोडला आणि पहिला पेढा माझ्याच हातावर ठेवला.

"खावा," ती म्हणाली. "दोघींतल्या एकीची तरी परीक्षा झाली."