भाऊजींचं अंतिम ध्येय

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, एकट्याने पाणीसुद्धा पीत नाहीत. आधी ते चार माणसं गोळा करतात, आपल्याला तहान का लागली आहे हे त्यांना पटवून देतात, आणि मग त्या चौघांतलाच कुणीतरी कंटाळून माठाकडे जातो. अशा रीतीने प्यालेल्या पाण्याला भाऊजी सांघिक यश म्हणतात. ताई त्याला दुसरं नाव देते, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हा आजार जन्मजात नव्हे. जळगाव जामोदला एका बियाणे कंपनीच्या गोदामाचे ते प्रमुख होते, आणि लग्नानंतरची कित्येक वर्षं आम्ही त्यांना मितभाषी समजत होतो. मग कंपनीने त्यांना पुण्याला प्रशिक्षणाला धाडलं. तिथे थंडगार खोलीत एका सुटाबुटातल्या माणसाने सांगितलं की, माणसं पगारासाठी काम करत नाहीत, हेतूसाठी करतात. लोक पुण्याहून बाकरवडी आणतात, भाऊजी हेतू घेऊन आले. दुसऱ्याच सकाळी गोदामापुढे भरलेला ट्रक उभा असताना त्यांनी हमालांना अर्धगोलात उभं केलं आणि विचारलं, "आपण हे पोते काऊन उतरवून राह्यलो?" हमालांनी एकमेकांकडे पाहिलं. ट्रक आला म्हणून, असं त्यांच्यातल्या म्होरक्याने जपून सांगितलं. भाऊजींनी खेदाने मान हलवली. आपण पोती उतरवत नाही, शेतकऱ्याचं उद्याचं शिवार उतरवतो आहोत, हे त्यांनी इतक्या कळवळ्याने समजावलं की हमाल खरोखर भारावले, आणि त्या दिवशी एकेक पोतं तान्ह्या लेकरासारखं दोन्ही हातांवर घेऊन त्यांनी अलगद खाली ठेवलं. एरवी न्याहारीच्या आत रिकामा होणारा ट्रक दिवेलागणीलाही तिथेच होता. ट्रकचा ड्रायव्हर हेतूच्या बैठकीला हजर नव्हता. तो दिवसभर भाऊजींच्या पूर्वजांची विचारपूस करत होता.

घरातही तेच. ताई आणि शेजारणी गच्चीवर मुगाचे पापड लाटायला बसल्या की भाऊजी जिन्यातून उगवत आणि या पापडामागचं आपल्या सगळ्यांचं ध्येय काय, असं विचारत. ताई लाटणं न थांबवता म्हणे, "तुमी खाली जा ना." माझ्या चुलतभावाचं लग्न दुसरबीडला झालं तेव्हा तर मुहूर्त टळून गेला होता, पंगती बसल्या होत्या, पत्रावळींवर मीठ-लोणचं वाढून झालं होतं, आणि भाऊजींनी सगळ्या वाढप्यांना मांडवामागे बोलावून घेतलं. आपण वरण वाढत नाही, दोन घरांतलं नातं वाढतो आहोत, अशी सुरुवात करून ते नात्यांच्या खोलीत शिरले. पंगतीतली म्हातारी माणसं लोणच्याची फोड चोखत वाट पाहत होती. शेवटी आचारी झारा घेऊन आला आणि म्हणाला, "नातं वाढा भाऊ, पर बुडाले वरण लागून राह्यलं." वरण लागलेलंच वाढावं लागलं. नातं मात्र चांगलं टिकलं, आणि त्याचं श्रेय भाऊजी अजून घेतात.

नोकरी संपली आणि ते सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आपल्या गावी राहायला गेले. आम्हा नातेवाईकांना हायसं वाटलं, गावाला वाटलं नसावं. गावात वरची आळी आणि खालची आळी असे दोन तट. सरपंचाच्या निवडणुकीवरून त्यांचं इतकं बिनसलेलं की, एका आळीच्या गाईने दुसऱ्या आळीत शेण टाकलं तरी ते मुद्दाम टाकलं असं धरलं जाई. दोन्ही आळ्या एकत्र येत त्या फक्त अंत्ययात्रेला, आणि त्याही नाल्यापर्यंत. कारण मसणवटा नाल्याच्या पलीकडे होता, आणि तिकडे जाणारा रस्ता पावसाळ्यात रस्ता राहत नसे. तिथे काळ्या मातीचा गाळ होई, त्यात माणूस गुडघ्यापर्यंत जाई आणि चप्पल कायमची.

त्या पावसाळ्यात खालच्या आळीतली एक म्हातारी वारली. भाऊजी खांदेकऱ्यांत होते. नाल्याच्या उतारावर पुढच्या दोघांचे पाय एकदम सरकले आणि तिरडी कलली. पुढे मडकं धरून चाललेला तिचा मुलगा ते तिथेच टाकून मागे धावला, चिखलात गुडघे टेकून बसला आणि त्याने आईला आपल्या डोक्यावर तोलून धरलं. चांगला पन्नाशीचा माणूस, तोंडावर चिखल आणि पाणी, आणि एकसारखा म्हणत होता, "माय, पडू नाई देत तुले." हे मला भाऊजींनी फोनवर सांगितलं. सांगताना त्यांनी एकदाही हेतू हा शब्द वापरला नाही, तेव्हाच मला काळजी वाटायला हवी होती.

दिवाळीच्या सुट्टीत मी मेहकरहून त्यांच्याकडे गेलो, तोवर त्यांनी मोबाईलवर गावाचा एक ग्रुप काढला होता आणि त्याला नाव दिलं होतं 'अंतिम ध्येय'. नागपूरला नोकरी करणाऱ्या एकाने दुरुस्तीसाठी आपल्याकडे असलेल्या वडिलांच्या फोनवर 'तुम्हाला अंतिम ध्येयमध्ये सामील करण्यात आले आहे' असं वाचलं आणि तो हंबरडा फोडत एसटीत बसला. वडील गावात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. लोक ग्रुपमधून बाहेर पडत, भाऊजी त्यांना पुन्हा आत घेत. मग त्यांनी मारुतीच्या पारावर सभा बोलावली. दोन्ही आळ्या आल्या, पण पाराच्या दोन बाजूंना पाठ करून बसल्या. भाऊजी बोलत राहिले, लोक जांभया देत राहिले. आपल्या सगळ्यांचं ध्येय एकच आहे, असं ते पुनःपुन्हा म्हणू लागले तेव्हा मागून कुणीतरी वैतागून विचारलं, "कोणतं बे, एकदाचं सांगून टाका ना."

भाऊजींनी नाल्याच्या दिशेने हात केला. "तिकडं जाचं हाय. वरच्या आळीलेई अन् खालच्या आळीलेई."

सगळ्या माना नाल्याकडे वळल्या. मग एक म्हातारा खुदकन हसला, त्याच्या शेजारचा हसला, आणि हसता हसता दोन्ही बाजूंची माणसं वळून बसली. रस्त्याचं ठरलं. पहिला मान कोणाचा, यावर थोडी चर्चा झाली. आजवर प्रत्येक मानासाठी भांडलेल्या त्या आळ्यांनी या वेळी तो एकमेकांना मोठ्या मनाने देऊ केला.

अडचण एकच होती, ती म्हणजे गुलाबआबा. नाल्याला लागून त्यांच्या शेताची पट्टी होती आणि रस्ता तिच्यातून न्यावा लागणार होता. आबांनी नाही म्हटलं. सरपंच जाऊन आले, हरलेले उमेदवार जाऊन आले, आबांचा सख्खा पुतण्या जाऊन आला. मग भाऊजी रोज संध्याकाळी जाऊ लागले. आबांना ऐकायला जरा कमी येई, म्हणून ते भाऊजींपुढे इतके दिवस टिकले, असं लोक म्हणत. एका संध्याकाळी मीही बरोबर गेलो. आबांनी आम्हाला बांधावर बसवलं आणि शेजारच्याच झाडाची पिकलेली सीताफळं पुढे ठेवली. भाऊजींनी अर्धं सीताफळ तोंडात कोंबलं आणि त्याच भरात आपला ठरलेला प्रश्न विचारला, "आबा, तुमी काऊन नाई म्हणता?" एरवी या प्रश्नाचं उत्तरही तेच देतात. पण तोंड बियांनी भरलेलं होतं. बिया गिळता येईनात, आणि म्हाताऱ्या माणसासमोर थुंकताही येईना. त्यामुळे माझ्या माहितीत पहिल्यांदाच भाऊजींनी विचारलेल्या प्रश्नाला दुसऱ्या माणसाला उत्तर द्यायची संधी मिळाली.

आबा पायाजवळची माती चिमटीत घेऊन म्हणाले, "हे झाड माह्या घरवालीनं लावलं. ती गेली तवा नाल्याले पूर होता. पाणी उतरेपर्यंत तिले घरातच ठेवा लागलं. मले रस्ता नको, असं नाई ना बापा. पर तुमचा रस्ता सरळ या झाडावरून जाते."

हे त्यांनी आधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण आधी कुणी विचारून उत्तरासाठी थांबलंच नव्हतं. सगळे समजूत घालायला आले होते. भाऊजींनी मान वर करून झाडाकडे पाहिलं. मग त्यांनी बिया ओंजळीत काढल्या आणि म्हणाले, "मंग रस्ता वाकडा करू."

काम थंडीत सुरू झालं. दर रविवारी श्रमदान, वरच्या आळीचा ट्रॅक्टर, खालच्या आळीचा मुरूम. भाऊजींनी स्वतः एकही टोपलं उचलल्याचं कुणी पाहिलं नाही. ते सकाळी आठला येत आणि कामाआधी सर्वांना हेतूची आठवण करून देत. या आठवणीला तासभर लागे. म्हणून लोक साडेसातला येऊ लागले, कारण हात कामात असले की भाषण ऐकावं लागत नसे. हे भाऊजींच्या लक्षात आलं आणि तेही साडेसातला येऊ लागले. मग लोक उजाडायला येऊ लागले. वरची आळी खालच्या आळीला फोन करून उठवू लागली, "निघाले बे ते, लवकर या." इतकी एकजूट त्या गावाने कधी पाहिली नव्हती. भाऊजींच्या मते हा सामायिक ध्येयाचा परिणाम होता, आणि तो होताही. सीताफळाजवळच्या वळणावरून एका पोराने नाक मुरडलं, की सरळ गेलो असतो तर लवकर पोचलो असतो. भाऊजींनी त्याला सांगितलं की या रस्त्यावर घाई कोणालाच नसते.

उन्हाळ्याच्या आत रस्ता झाला, नाल्यावर सिमेंटचे पाईप टाकून मोरीही झाली. उद्घाटनाची फीत कापायला मात्र कुणी तयार होईना. सरपंचांना त्या दिवशी अचानक हिवरा आश्रमाला जायचं काम निघालं. शेवटी फीत एका शेळीने खाल्ली.

पुढच्या श्रावणात गुलाबआबा गेले. झोपेतच गेले. ताईने कळवलं तसा मी निघालो आणि पोचलो तेव्हा तिरडी नुकतीच उचलली होती. पाऊस रात्रभर कोसळून थांबला होता. खांदे बदलत होते, वरच्या आळीचा माणूस बाजूला होई आणि खालच्या आळीचा त्याच्या जागी येई, ते आता कुणी मोजत नव्हतं. वळणावर सगळे जरा थांबले. कुणी थांबा म्हटलं नाही.

अग्नी दिल्यावर आमच्याकडे दोन शब्द बोलायची पद्धत आहे. भाऊजी पुढे झाले तशी लोकांनी सवयीने बसायला दगड शोधले. मीही शोधला. भाऊजींनी घसा साफ केला, चितेकडे पाहिलं. त्यांचा चष्मा धुराने की कशाने भरून आला होता. शेवटी ते म्हणाले, "आबा, आज पाय कोनाचाच घसरला नाई." आणि मागे येऊन माझ्या शेजारी बसले.

पुढे काहीतरी येईल म्हणून लोक थोडा वेळ तसेच बसून राहिले. मग परत निघाले. मोरीशी नाल्याचं पाणी गढूळ होऊन वाहत होतं. रिवाजाप्रमाणे सगळे पाय धुवायला खाली उतरले. खरं तर धुण्यासारखं पायांना काहीच लागलं नव्हतं. तरी दोन्ही आळ्यांची माणसं त्याच दगडांवर पाण्यात पाय सोडून बसली. कुणीतरी निंबाची डहाळी आणली होती, तिचा पाला हातोहात फिरला. भाऊजींनी एक पान तोंडात टाकलं आणि ते कडू पान ते कितीतरी वेळ चावत राहिले. पुन्हा पाऊस येईलसं वाटत होतं, पण घरी जायला कुणी उठत नव्हतं.