डॉल्फिनखालचा गंज

होडी माझ्या वैनीची. थोरल्या भावानं पत्र्याची करून घेतली हुती, भंडारदऱ्याच्या धरनात चालवायचा. भाऊ गेला, तवा वैनी म्हनली, "भावजी, तुमी चालवा. होडी उभी ऱ्हायली की गंजती." मानूस बी उभा ऱ्हायला की गंजतो, पन मी आधीपासूनच गंजलेला, माझी काळजी कुनाला नव्हती. पावन्यांना धरन दाखवायचं, पलीकडच्या वाडीच्या बायांना बाजाराला आनायचं-न्यायचं, दोन घरांचं पोट चालायचं.

भावाची एक रीत हुती. उन्हाळ्यात पानी खाली गेलं की होडी काठावर वढून पालथी घालायची. वैनी डोक्यावर वलं फडकं घेऊन तिच्याखाली शिरून बसायची. भाऊ बाहेरून हातोडीच्या दांड्यानं ईत-ईत ठोकत जायचा. ठन्न वाजलं की आतून आवाज यायचा, "फुडं." थप वाजलं की, "थांबा." मंग वैनी तंबाखूच्या डबीतला चुना बोटानं तिथं लावायची. चुना लागला तिथं पत्रा खाल्लेला. तेवढ्याला ठिगळ मारायचं, मंग समदं बूड तारेच्या ब्रशानं खरवडायचं, लाल प्रायमर, वर दोन हात आइलपेंट. आठ दिस जायचे. भाऊ म्हनायचा, आतला मानूस खोटं बोलला तर बाहेरचा बुडतो.

पहिल्या वर्साला म्या बी समदं तसंच केलं. खांदे इतके दुखले की जेवताना घास तोंडाजवळ न्यायच्या ऐवजी तोंडच ताटाजवळ नेत हुतो.

दुसऱ्या वर्साला अकोल्याला गेल्तो. तिथं एक रेडियमवाला जीपला स्टिकर चिकटवत हुता. समदी जीप गुंडाळून टाकली गड्यानं, नवी नवरीच जनू. म्या इचारलं, "होडीला लागंल का?"

"लागंल की. पन काका, पत्रा साफ पायजे. गंजावर लावलं तर आत पानी शिरनार. आन् जो भाग कायम पान्यात बुडलेला हाय, तिथली गॅरंटी मी देनार न्हाई. तिथं रंगच बरा. मी येतो लावायला, आधी पत्रा दाखवा."

मानसानं येवढं सरळ सांगितलं. त्यातलं 'लागंल' तेवढं म्या घरी आनलं. त्यानं स्टिकरच्या गुंडाळीसंगं सूचनांचा कागद दिल्ता, मला वाचता येत न्हाई, त्यात तंबाखू बांधली.

वैनी म्हनली, "रंगच लावा. रंगाखाली गंज आला तर फुगतो, दिसतो तरी."

"वैनी, जग कुठं चाललंय! जीपवाले चार-चार वर्सं हात लावत न्हाईत."

"जीप पान्यात उभी ऱ्हाती का?"

अडलो की मी हसतो. हसून हसून मी तिला दमवलं. शेवटी म्हनली, "लावा तुमचं कातडं. पन आधी ठोका आन् खरवडा. माझे गुडघे सुजल्यात, मला बसाया जमनार न्हाई."

खरं सांगायचं तर मला स्टिकरची हौस नव्हती, खरवडायचा कटाळा हुता. रस्त्यावरून दिसतं ती बाजू एका सकाळी घासली. बाकीच्या गंजावर तसाच स्टिकर तानला, बायकोच्या लाटन्यानं दाबून दाबून फुगे काढले. दोन निळे डॉल्फिन, मागं नारळाची झाडं. आमच्या धरनातले मरळ मासे बी हसले असतील.

वैनी काठी टेकत बघाया आली. डॉल्फिनच्या पोटावरून हात फिरवला.

"ठोकली का?"

"ठोकली की."

"आतून कोन बसलं हुतं?"

"तुमची जाऊ."

तिची जाऊ म्हंजे माझी बायको. ती त्या टायमाला माहेरी, पारनेरला, मिरच्या वाळवत हुती. आली तशी तिला म्हनलं, कुनी इचारलं तर व्हय म्हन. ती म्हनली, "जळो मेलं ते तोंड." पन म्हनली व्हय. एक लबाड हुतो, दोन झाले.

काजव्यांच्या दिवसांत पावने डॉल्फिनसंगं फोटो काढायचे. मी ऐटीत उभा. पावसाळा सरला तसं तळाच्या फळ्यांखाली पानी साचाया लागलं. रोज चार डबे, मंग धा डबे. कुनी इचारलं तर म्हनायचो, "गार वाटावं म्हनून ठिवलंय, एशी हाय आपली." मानसं हसायची. बुडू नये म्हनून घालायची जाकिटं चारच, ती बी फोटोपुरती. पत्रा खाल्लाय ते मला ठावं हुतं. हे सांगताना अजून बी मान वर व्हत न्हाई.

दिवाळीनंतर वैनीच्या लेकीच्या घरी, पलीकडं, बारसं हुतं. आठ बाया, घुगऱ्यांचं पातेलं, कुंच्या-टोपडी. समद्या बसल्या. वैनी मागं, तिच्या नेहमीच्या जागेवर. बसल्या बसल्या तिनं हातातल्या तांब्यानं कडेला टोकलं. सवय, दुसरं काय.

थप.

तिनं जरा खाली टोकलं. थप. पायाखालची फळी उचलली. पानी.

"उतरा ग समद्या."

"आग पन बारसं—"

"उतरा म्हनते ना!"

एक म्हातारी उतरता उतरता मला म्हनली, "काय रं, आमाला बी मासे करतो का?" बाकीच्या हसल्या. मी फळी परत जागेवर सरकवली.

वैनीनं बायांना होडी वढाया लावली, पालथी घालाया लावली. सोन्यासारख्या लुगड्यांना चिखल. स्टिकरचं टोक धरून वढलं, तर केळीचं सोपट सुटावं तसा सरसर निघाला, संगं गंजाचे पापुद्रे. डॉल्फिन चिखलात पडले.

वैनीनं कनवटीची चुन्याची डबी काढून माझ्या हातात दिली. "बसा आत."

शिरलो. आत अंधार, गंजाचा वास. भावाच्या टायमाला ती हितं बसायची, भर उन्हाळ्यात. बाहेरून काठी वाजाया लागली. थप. मी डबीचं झाकन चाचपत बसलो.

"सांगा की भावजी. थांबा म्हना."

"थांबा."

"लावा चुना."

लावला. परत थप. परत थांबा. एका जागी काठी वाजलीच न्हाई. बारीक कुरकुर झाली, उजेडाची रेघ आली आन् पत्र्यातून वैनीची करंगळी आत आली. माझ्या नाकासमोर. गंजानं लाल झालेली.

करंगळी तशीच.

"आतून कोन बसलं हुतं, भावजी?"

आयुष्यभर मला कुनी काय इचारलं की तोंडात इनोद तयार असतो. बाहेर बाया वाट बघत असतील, आता हा कायतरी बोलंल.

"कुनीच न्हाई, वैनी," म्या म्हनलं.

करंगळी निघून गेली. तिच्या भोकातून उन्हाचा ठिपका माझ्या गुडघ्यावर पडला.

"फुडं," ती बाहेरून म्हनली, आन् काठी परत वाजाया लागली.