काकूंचा ळ कुठे गेला?

“पायात कल येते गं,” कुमुदकाकू म्हणाल्या आणि मी थबकले.

मध्य प्रदेशातल्या देवासच्या एका हॉस्पिटलमध्ये मी स्पीच थेरपिस्ट आहे. वॉर्डात आले होते शेजारच्या बेडवरच्या पेशंटसाठी. काकूंचं आदल्या दिवशी गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे कळ येणारच. पण ‘कल’?

“पाणी देऊ?”

“दे. पानी दे.”

ळ आणि ण म्हणताना जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लावावं लागतं. दोन्ही एकदम घसरले, म्हणजे जीभ वळत नसावी. मी ड्यूटी डॉक्टरांना बोलावलं. ते भिंडचे, हिंदीभाषक.

“मॅडम, अम्मा साफ़ तो बोल रही हैं. लहजा होगा.”

त्यांचंही बरोबर होतं. प्रत्येक भाषा आपले ठरावीक आवाजच वेगळे मोजते. मराठीत वेल म्हणजे मांडवावरची आणि वेळ म्हणजे घड्याळातली. हिंदीत ळ नाहीच, त्यामुळे हिंदी कानाला दोन्ही सारखेच लागतात.

काकूंचा मुलगा प्रशांत पीथमपूरच्या कारखान्यातली शिफ्ट करून नुकताच आला होता. मी विचारलं, “आई नेहमी असंच बोलतात?”

“ताई, मला तर काही फरक नाही वाटत. मी पण ‘ल’च म्हणतो, हिंदी मीडियम ना.” मग तो अडखळला. “पण आई त्यावरून मला टोकते. रोज.”

मी काकूंकडे वळले. “काकू, म्हणा, टाळी.”

“ताली.”

“हिंदी में बोल दिया,” डॉक्टर म्हणाले.

आता असा शब्द हवा होता, जो हिंदीत आणि इथल्या मराठीत एकच आहे आणि ज्यातला आवाज डॉक्टरांच्या कानालाही वेगळा कळतो. ट आणि त हिंदीतही वेगळे आहेत. ट म्हणतानाही जीभ वळवावी लागते.

“काकू, टमाटर म्हणा.”

“तमातर.”

डॉक्टर झटकन पुढे झाले. “अम्मा, जीभ बाहर निकालिए.”

जीभ एका बाजूला झुकली. प्रशांतने माझा हात घट्ट धरला. “ताई, काय झालं?” डॉक्टर तोवर स्कॅनसाठी फोनवर ओरडत होते.

मेंदूच्या एका बारीक रक्तवाहिनीत रक्ताची गाठ अडकली होती. काकूंना लगेच इंदूरला हलवलं. डावा हात काही आठवडे जड राहिला, पण लकव्याचा अटॅक तिथेच थांबला. आता त्या नव्या गुडघ्यावर बाजारात जातात.

बोलण्याचा लहेजा एका रात्रीत बदलत नाही. बदललेला वाटला, तर आधी डॉक्टरला बोलवावं.