अक्काच्या छातीतलं पाणी

अक्का गेली, हे मला जीपवाल्यानं सांगितलं. सुरगाण्याच्या आमच्या शाळेसमोर गाडी थांबवून तो म्हणाला, "गुरुजी, नाशिकहून निरोप हाय... बहीण गेली तुमची." त्याला आता महिना झाला. भेटायला येणारे विचारतात, टीबीनं गेली का हो? मी सांगतो, टीबी नव्हता. आणि दरवेळी आठवतं, की तो शब्द घरात पक्का केला तो मीच.

मॅट्रिकच्या पुढं गेलेला आमच्या घरातला मी पहिला. त्याचा अभिमान आहे, लपवत नाही. कॉलेजची सगळी वर्षं मी नाशिकला अक्काच्या द्वारका चौकाजवळच्या दोन खोल्यांत राहिलो. कुणी आलं की ती दटावायची, "हळू बोला, आमचं बी.एस्सी. अभ्यास करतंय." गेल्या वर्षी तिचं पोट दुखायला लागलं. कळ थेट पाठीत जायची. सगळे म्हणाले, पित्त. मग दम लागायला लागला. मी शाळेतून रजा काढून तिला दाखवायला नेलं, तेव्हा डॉक्टरांनी पाठीतून सुई घालून छातीतलं बाटलीभर पाणी काढलं. "बहुतेक टीबी," ते म्हणाले. त्यातलं 'बहुतेक' मी ऐकलंच नाही. घरी येऊन बजावलं, अक्काचं ताट वेगळं, कप वेगळा, आणि सगुणानं आतल्या खोलीत जायचं नाही. सगुणा म्हणजे तिची एकुलती एक, आठ वर्षांची. दाजी चाचरले, "अरे, आपल्यात... आणि वेगळं भांडं?" आमच्या आजीच्या ओंजळीत गावानं पाणी वरून ओतलेलं. त्यापायीच तर वडलांनी दीक्षा घेतली. मी म्हणालो, "दाजी, ही शिवाशिव नाही. हे सायन्स आहे."

सहा महिने इंजेक्शनं झाली. पाणी काढलं की पुन्हा भरायचं. अक्काची नुसती हाडं राहिली. शेवटी मोठ्या दवाखान्यात भरती केली, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ते पाणी तपासायला धाडलं आणि मला समोर बसवून सांगितलं, "मूळ छातीत नाहीच. स्वादुपिंडाला सूज आहे, त्यातून पाझरलेला रस वर छातीत साठतोय. हे कुणाला लागत नाही." स्वादुपिंड... बेडकाचं मी प्रॅक्टिकलला टाचणीनं दाखवलं होतं. पैकीच्या पैकी मार्क.

मी वॉर्डात गेलो आणि तिचा उष्टा चहा पिऊन टाकला. अक्का बघत राहिली. "काय रे, सायन्स बदललं व्हय?"

"चुकलं माझं, अक्का."

"चुकू दे. सगुणीला आण. लय दिवसात वेणी नाय घातली तिची."

म्हणालो, रविवारी आणतो. शाळेला सुट्टी नव्हती. अक्का शुक्रवारीच गेली.

परवा दाजींकडं गेलो होतो. जमिनीवरच टेकलो, तशी दाजींनी सगुणाला आतल्या खोलीतून सतरंजी आणायला सांगितलं. ती गेली आणि दाराशीच थांबली. आत कुणीच नव्हतं, कॉट रिकामी. तिनं वळून बापाकडं नाही, माझ्याकडं पाहिलं.

"मामा, आता जाऊ का आत?"