शिवगंगा आणि गढीचा नवा बुरूज

भोकरच्या बाजूला अण्णाराव देशमुखांची गढी होती. खाली काळ्या दगडाचा चौथरा, वर पांढऱ्या मातीच्या पुरुषभर रुंद भिंती, चार कोपऱ्यांना चार बुरूज. पेंढाऱ्यांच्या भीतीनं त्यांच्या खापरपणजोबांनी ती बांधलेली. पुढं भीती सरली, तसा दरवाजाशेजारचा बुरूज पावसात झिजत गेला आणि कुणी तिकडं पाहिलं नाही. निजामाचे रझाकार गावोगाव हिंडू लागले, तेव्हा अण्णारावांनी श्रीमंत नावाच्या गवंड्याला तो बुरूज नव्यानं रचायला बोलावलं.

श्रीमंत माती रचायचा, त्याची बायको शिवगंगा चिखलाच्या पाट्या वाहायची. बंदुकीसाठी भिंतीत जंग्या, म्हणजे भोकं ठेवायची होती. श्रीमंतानं ती खाली उतरती ठेवली, दाराशी आलेला माणूस नेमका टप्प्यात यावा म्हणून. काम उरकत आलं आणि पायाखालची बांबूंची परांची मोडली. श्रीमंत चौथऱ्यावर आपटला. कमरेखालचं अंग लुळं पडलं.

अण्णारावांनी ज्वारी पाठवली. "वेळ आलीच, तर आधी तुम्हालाच आत घेऊ," म्हणाले.

वेळ भरदुपारी आली. शिवगंगा गढीतल्या आडावर पाणी शेंदत होती. बाहेर बंदुकांचे बार ऐकू आले, माणसं लोंढ्यानं आत शिरली आणि दरवाजाला अडसर पडला. ती दरवाजाच्या देवडीत धावली.

"मालक, दिंडीचं बारकं दार तरी उघडा. माझा माणूस भाईर हाय. त्येला चालता येईना."

"आता न्हाई उघडता येत, शिवगंगे. आत लेकरंबाळं हायती."

ती बुरुजावर चढली, जंगीला डोळा लावला. तिथून घर दिसत नव्हतं, धूर दिसत होता. मग कोपरांवर अंग ओढत श्रीमंत दरवाजापाशी आला. थापा मारू लागला. ती वरून ओरडत राहिली. त्याला ऐकू गेलं की नाही, कुणास ठाऊक. मागून रझाकारांचा एक घोडेस्वार आला. बुरुजावरच्या बंदुका गप्पच होत्या, मालकाचा हुकूम नव्हता. स्वारानं गोळी घातली आणि घोडा वळवला.

पावसाळा सरता सरता हिंदुस्थानची फौज आली, निजामाचं राज्य गेलं. अण्णारावांनी तिला बोलावून घेतलं.

"सरकारात सांगू, श्रीमंत गढीसाठी लढता लढता गेला. मान मिळंल."

"त्यो लढला न्हाई, मालक. दार वाजवीत मेला."

 अण्णाराव म्हणाले, "आत एक खोली देतो, ऱ्हा."

ती राहिली नाही. मुदखेडला जाऊन रुळांवर खडी टाकायच्या कामाला लागली. नवऱ्याचं कुणी विचारलं, तर परांचीवरून पडला, एवढंच सांगायची. त्यापुढचं तिच्यानं बोलवत नसे.