बिनफोडणीचं वरण

लेक परदेशात शिकायला गेली आणि मागं तिची आई वारली. पोरीला यायला जमलं नाही. काल फोनवर तिनं नव्या गावातलं आपलं ताट दाखवलं. भातावर नुसतं शिजवलेलं वरण.

"फोडणी कुठाय गं?"

"आप्पा, जरा धूर झाला की छताला लावलेला भोंगा बोंबलतो. मग घरमालकीण अंगावर येते."

आमच्यात सुतकात फोडणी घालत नाहीत. इथं तेराव्याला सुतक फिटलं. तिकडं पोर एकटीच अजून पाळतेय, असंच वाटलं मला. चुलीवर मोहरी तडतडल्याबिगर परकं गाव आपलं कसं व्हायचं? "ये निघून," हे अगदी ओठावर आलं होतं, ते गिळलं. इथं तरी फोडणी घालणारी कुठं राहिलीय?